कंदिलांचं वजन

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
तीन नंबरच्या जाळीवरचा दाब चढला.
आधी वाटलं, सेन्सर गेला.
जुबैलात ऑगस्टमध्ये सेन्सर माणसांसारखेच जातात,
कुणाला न सांगता.

मग टॉर्च मारला.
समुद्र नव्हताच तिथे.
होती एक सावकाश श्वास घेणारी साय,
भिंतीपासून भिंतीपर्यंत, जाड, निळसर,
आणि फिरती जाळी तिला ओरबाडून वर आणत होती
टोपाच्या बुडातली खरवड काढावी तशी.

टेकबहादुर मुस्तांगचा.
समुद्र त्याने पहिल्यांदा नोकरीच्या कागदावर पाहिलेला.
म्हणाला, हमदुले, एवढं दही कुणी सांडलं?
आम्ही हसलो. तेवढ्यात पहिला पंप बसला.

पंप बसला म्हणजे
दूर वाळूतल्या कुठल्यातरी सातव्या मजल्यावर
तोंडाला साबण लावलेला माणूस
नळ पुन्हा पुन्हा फिरवत राहतो.
त्याला आम्ही माहीत नाही.
हे तर मुळीच नाही.

आमच्या साखरतरला ह्याला झार म्हणतात.
बावा सांगायचा, झार भरला तर जाळं ओढू नये,
कापून द्यावं.
एकदा त्यानेच ओढलं.
मनगटापासून कोपरापर्यंत दोरीसारखे वळ उठले,
पंधरा दिवस डाव्या हाताने जेवला, मान खाली घालून.
हल्ली फोनवर म्हणतो,
जाळं भरून येतं रे, आणि रिकामंच असतं.

गेटवरचा बू-नासिर काठी टेकत आला.
त्याची होडी होती पूर्वी.
वाकून पाहिलं, म्हणाला, कंदील.
कंदील-अल-बहर.

मी दचकलो.
अकरा वर्षांत अरबीतले आकडे शिकलो, शिव्या शिकलो,
आणि हा शब्द तर आमच्या माळ्यावर टांगलेला,
काच तडकलेला, वात काढलेला.

पूर्वी कासवं खायची ह्यांना, तो म्हणाला,
पूर्वी हामूर होता, माणसाएवढा.
आम्ही सगळं उचललं.
तुम्ही पाणी घेता, मीठ परत ओतता, गरम.
रिकाम्या घरात
कुणीतरी दिवा लावायला येणारच.
'तुम्ही' म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही,
हे त्याचे उपकार.

पहाटेपर्यंत फावडी.
रूहुलच्या मानेवर एक धागा चिकटला,
त्याने आईला हाक मारली, कंपनीला नाही.
कँटीनमधून व्हिनेगर आणलं.
त्याच्या मानेला लोणच्याचा वास येत राहिला
आणि तो रडता रडता त्यावर हसला.

एका छत्रीखाली मला मासे दिसले.
नखाएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे, नऊ.
ज्याला शिवलं की आपण सुजतो
त्याच्या आडोशाला ही पोरं वाढत होती.
डब्याच्या झाकणात पाणी घेऊन
मी जेट्टीच्या टोकाला धावलो.
सांडलं बरंच.
चार पोहले. पाच नुसते तरंगले.
कॅमेऱ्यात दिसलो असेन,
सुपरवायझरने अजून विचारलेलं नाही.

लॉगबुकात लिहिलं:
कारण, जेलीफिश. वजन, चौदा टन.
पाणीपुरवठा बंद, सहा तास.
जखमी एक, मान.
माशांना रकाना नाही.
उन्हात नऊ वाजेपर्यंत
चौदा टनांचंही पाणीच झालं,
गटाराकडे निघालं,
गटार समुद्राकडे.

कॅम्पात येऊन नळाखाली तोंड धरलं.
कोमट, गोड.
जिभेवर थोडं खारट लागलं ते माझंच असावं.

बावाला फोन लावला.
म्हटलं, इथे झाराला कंदील म्हणतात.
आणि इतके आलेत की पंप बंद पडले.
तो बराच वेळ गप्प.
मागे कुणीतरी जाळं झटकत होतं.
मग म्हणाला,
एवढ्या कंदिलांना
तेल कोण घालतंय?